तव्यावरचं बोट

लातूरला आमच्या घराच्या वरच्या खोलीत माझं टेबल आहे. त्यावर भिंगाचा दिवा, सोल्डरिंग आयर्न, चार चिमटे आणि ब्रश. पुण्याहून, बंगळुरूहून, एकदा तर गुवाहाटीहून जुनी साउंड कार्डं कुरिअरने माझ्याकडे येतात. साउंड कार्ड म्हणजे कॉम्प्युटरला आवाज देणारी पट्टी. आता ती कॉम्प्युटरच्या पोटातच घडवलेली असते, पूर्वी वेगळी विकत घेऊन बसवावी लागायची, वीतभर लांब, हिरवी. पाठवणारे बहुतेक चाळिशी ओलांडलेले, चांगल्या नोकरीतले पुरुष. लहानपणचे गेम लहानपणच्याच आवाजात ऐकायचा त्यांना नाद. मी त्यांना हसत नाही. गिऱ्हाइकाला हसून मी एकदा फार मोठी चूक करून बसलोय.

या कार्डांच्या एका जातीत जन्माचीच खोट आहे. कार्डावर एक चौकोनी चिप असते आणि तिच्यात एक छोटा प्रोग्राम कारखान्यातूनच लिहून आलेला असतो. तो लिहिणाऱ्याच्या हातून एक चूक राहिली. ती पुसता येत नाही, वरून कुठलं सॉफ्टवेअर टाकून झाकताही येत नाही. चिप चिमट्याने उपटायची, कोऱ्या चिपमध्ये दुरुस्त प्रोग्राम भरायचा आणि ती तिच्या जागी बसवायची, एवढाच इलाज. चिपचा एक कोपरा छाटलेला असतो, खालच्या खाचेचाही असतो. कोपऱ्याला कोपरा लावून अंगठ्याने सगळीकडून सारखं दाबायचं. कट् असा आवाज आला की बसली. पहिल्या वेळी मी दोन चिपा वाकड्या दाबून मोडल्या, नंतर हात बसला.

खोट अशी की, कार्डाला वाजवायचा कीबोर्ड जोडून तुम्ही पट्टी दाबली की 'बोट ठेवलं' असा निरोप कार्डाकडे जातो आणि सोडली की 'बोट उचललं' असा दुसरा जातो. एरवी सगळं ठीक चालतं. पण त्याच वेळी कार्ड एखादा भरून ठेवलेला आवाज, म्हणजे कुणाचं गाणं किंवा तबला, वाजवत असेल तर त्या गडबडीत उचलल्याचा निरोप मधूनच हरवतो. कार्डाला वाटतं बोट अजून पट्टीवरच आहे. सूर वाजत राहतो, थांबतच नाही.

गिऱ्हाइकं फोनवर विचारतात, तुम्हाला हे कधी समजलं? मी सांगतो, दोनेक वर्षांपूर्वी, इंटरनेटवर वाचून. ते खोटं आहे. खोट कार्डात आहे हे मला पंचवीसेक वर्षांपूर्वी समजलं होतं, नायगावला, एका शिक्षिकेच्या घरी, ती चहा करायला आत गेली होती तेव्हा.

आमचं घर लिंगायत आडत्याचं. थोरला भाऊ वडिलांशेजारी गादीवर बसला. मला भुसार मालाचा भाव सांगत आयुष्य काढायचं नव्हतं, म्हणून मी नांदेडला जाऊन कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. तेव्हा शहरात कॉम्प्युटर उघडून परत मिटवता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि लोक त्यांना सर म्हणायचे. कॉलेजात दोनदा आपटलेला मी, मला बँकेचे साहेब सर म्हणायचे. त्याची चटक लागते. सर म्हणवून घेणाऱ्या माणसाला एक वाक्य फार जड जातं, ते म्हणजे 'मला माहीत नाही'. माझ्या तोंडून ते त्या सगळ्या वर्षांत एकदाही निघालं नाही.

त्या शिक्षिकाबाई माझ्याकडे आल्या तेव्हा तिशीच्या असतील. नायगावजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या शिकवायच्या. पाढे, महिने, दिशा, असल्या रुक्ष गोष्टींची त्यांनी गाणी केली होती, चालीही स्वतःच लावलेल्या. पंचायत समितीतले एक साहेब म्हणाले होते की कॅसेट करून द्या, बरी झाली तर तालुक्यातल्या सगळ्या शाळांत वाजवू. म्हणून बाईंनी माझ्याकडून कॉम्प्युटर घेतला, त्यात साउंड कार्ड घेतलं आणि एक कीबोर्ड घेतला. त्या कीबोर्डला स्वतःचा आवाज नव्हता, पट्टी त्याची आणि सूर कार्डाचा. चौथीतल्या अकरा पोरांना घरी बसवून त्यांनी पोरांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये भरला. आता तो चालू ठेवून त्याखाली सूर वाजवायचे आणि सगळं मिळून कॅसेटवर घ्यायचं, एवढंच काम उरलं होतं.

महिन्याभरात त्या एसटीने दुकानात आल्या.

"सर, सूर सुटत न्हाई," म्हणाल्या.

मी म्हटलं वायर ढिली असेल. दुसरी वायर दिली. पंधरा दिवसांनी परत आल्या, या वेळी पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. हजेरीपटासारख्या रेघा आखलेल्या, कुठलं गाणं, कितवी ओळ, कुठला सूर, किती वाजता. त्या म्हणाल्या की पोरांचा आवाज बंद ठेवून वाजवलं तर सूर कधीच अडकत नाही. आवाज चालू असला तरच अडकतो, तेही दर वेळी नाही, दहा-बारा वेळांत एकदा. आणि कुठल्याही एका पट्टीवर नाही, म्हणजे पट्टीचा दोष नसावा.

आज मला असं गिऱ्हाईक मिळालं तर मी त्याला गूळपाणी देईन. अर्धी दुरुस्ती बाईंनी वहीतच करून आणली होती. पण तेव्हा दुकानात दोन-तीन ओळखीचे बसले होते आणि मला विनोद सुचला. मी म्हटलं, "बाई, कॉम्प्युटरची हजेरी घेऊन राहिलात काय?" सगळे हसले. बाईही थोड्या हसल्या आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

त्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मला उत्तर येत नव्हतं आणि उत्तर न येणारा माणूस फार बोलतो. मी त्यांना सांगितलं की दोष बोटाचा आहे, तुम्ही पट्टी पूर्ण सोडत नाही. तापल्या तव्यावरून चटका बसल्यावर बोट कसं उचलता, तसं उचला, पार वर. मी काउंटरवर दाखवलंही, हात कानापर्यंत नेऊन. आणि पुढे म्हणालो की घरात गाणंबजावणं नसलं की हात बसायला वेळ लागतो, त्याला पिढ्या लागतात.

बाई कुठल्या वस्तीतून येतात, कुठल्या समाजाच्या आहेत, हे मला माहीत होतं. ते माहीत असल्यामुळेच ते वाक्य माझ्या तोंडात आयतं आलं. मी कुणाला वाईट बोलतोय असं मला वाटलंही नाही. आमच्या घरात तर आरतीसुद्धा बेसूर व्हायची.

बाई शांतपणे म्हणाल्या, "माझे वडील गायन पार्टीत होते, सर. जयंतीच्या दिवसांत गावोगाव रात्रभर गायचे. आमच्या घरात खायला नसायचं, गाणं मात्र कधी कमी पडलं न्हाई."

मी त्यावर 'असं का' म्हणालो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

बाईंनी महिनाभर तव्यावरून बोट उचलल्यासारखं वाजवून पाहिलं. सूर अडकायचा तो अडकतच राहिला. शेवटी त्यांनी दुकानात फोन करून विनंती केली की एकदा घरी येऊन बघून जा, साहेब कॅसेट मागून राहिलेत. मी एका रविवारी दुपारी नायगावला गेलो. विहाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत खिडकीशी कॉम्प्युटर, शेजारी दोन स्पीकर, वर पंखा. मी कव्हर उघडलं, कार्ड काढून खोडरबराने त्याची सोनेरी टोकं पुसली आणि परत बसवलं. तेवढं केलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं. बाई म्हणाल्या, तुम्ही बघा तोवर मी चहा ठेवते, आणि आत गेल्या.

मी पोरांचा आवाज चालू केला. बे एके बे, पाटी हाती घे. बे दुणे चार, उघड शाळेचं दार. अकरा पोरं छाती फुगवून गात होती. मी एका बोटाने एकच सूर त्यांच्याखाली वाजवत गेलो, ठेव, उचल, ठेव, उचल. पहिल्यांदा काही झालं नाही. पोरांचं गाणं संपलं, मी परत लावलं. दुसऱ्यांदा 'उघड शाळेचं दार'ला मी बोट उचललं आणि सूर थांबला नाही.

मी माझ्या बोटाकडे पाहिलं. ते हवेत होतं. दोन्ही हात मांडीवर ठेवले. सूर चालूच, जत्रेतल्या पिपाणीसारखा एकसुरी. पोरं पुढचा पाढा म्हणायला लागली तरी तो थांबेना. मी काय करायला हवं होतं ते स्पष्ट होतं. बाईंना हाक मारायची आणि म्हणायचं, बाई, तुम्ही बरोबर होतात, हे माझ्याही हातून होतंय, याचं कारण मला माहीत नाही. त्याऐवजी माझा हात स्पीकरच्या बटणाकडे गेला. मी ते फिरवून आवाज पार शून्यावर आणला, घाईघाईने कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला आणि तो चालू होईपर्यंत कपाळाचा घाम पुसला.

हे मी कशासाठी केलं ते मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलंय. कार्ड परत घ्यावं लागेल ही भीती नव्हती, ते मी वरच्या व्यापाऱ्याला परत पाठवू शकलो असतो. काउंटरवर सगळ्यांसमोर बोललेलं वाक्य मागे घ्यावं लागेल, एवढीच भीती होती.

बाई चहा घेऊन आल्या. विचारलं, "झालं का, सर?"

"कार्ड ठीक हाय, बाई," मी म्हणालो. "तुमचा हात बसला न्हाई अजून."

त्यांनी ट्रे ठेवला आणि आपला उजवा हात पुढे धरून पाहिला, आधी मागून, मग तळवा वर करून. जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. चहात वेलदोडा होता. मी दोन कप प्यालो.

त्यानंतर बाई दुकानात एकदाच आल्या, फ्लॉप्या घ्यायला. वही आणली नव्हती. कॅसेटचं काय झालं ते मी विचारलं नाही. पुढे लॅपटॉप आले, मोबाइल आले, दर गल्लीत एक सर झाला आणि माझं दुकान मिटलं. मी लातूरला परतलो. काही वर्षं भावाच्या आडतीत बसून भुसार मालाचेच भाव सांगितले. मग अडगळीतल्या जुन्या कार्डांची दोन-चार छायाचित्रं कुणीतरी इंटरनेटवर टाकायला सांगितली आणि हा शौकिनांचा धंदा सुरू झाला.

एकदा बंगळुरूच्या एका माणसाने कार्ड पाठवलं, सोबत तक्रारीचा छापील कागद. त्यात लिहिलं होतं की सूर अडकतो, भरलेला आवाज सोबत चालू असेल तरच अडकतो, दहा-बारा वेळांत एकदा, आणि कुठल्याही एका पट्टीवर नाही. इंग्रजीत होतं, पण मला ते बाईंच्या अक्षरात दिसलं. मी शोधायला बसलो. जगभरची माणसं त्या दोषावर वर्षानुवर्षं भांडत होती. कुणी वायरला दोष देत होतं, कुणी वाजवणाऱ्याला. मग कुणा चिवट माणसाने चिपमधला प्रोग्राम वाचून काढला, चूक शोधली, दुरुस्त केली आणि सगळ्यांसाठी ठेवून दिली. ते सगळं वाचून मी दिवा बंद केला आणि तसाच बसून राहिलो. जे शोधायला इतक्या हुशार माणसांना इतकी वर्षं लागली त्याचं निम्मं नायगावच्या एका शिक्षिकेने शंभर पानी वहीत महिन्यात मांडलं होतं, आणि मी तिला हजेरीपट म्हणून हसलो होतो.

बायकोला सांगितलं. सगळं सांगितलं, स्पीकरच्या बटणासकट. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग इथं बसून काय करून राहिलात? तोंड हाय ना तुम्हाला?"

तोंड होतं, पण दाखवायला जागा नव्हती. मी अजून दीड वर्ष काढलं. तेवढ्यात अनोळखी लोकांच्या कितीतरी कार्डांवर चिपा बसवल्या. प्रत्येक चिप कट् करून बसली की वाटायचं, ही बाईंची, आणि पत्ता मात्र भलत्याचाच लिहायचो. दर वेळी ठरवायचो, पुढच्या महिन्यात. बायको मात्र 'नांदेड' पाटी असलेली एसटी दिसली की माझ्याकडे बघायची.

शेवटी या हिवाळ्यात गेलो. एक चिप भरली, ती स्पंजात गुंडाळली आणि विभूतीच्या रिकाम्या डबीत ठेवून डबी वरच्या खिशात घातली. अहमदपूर, लोहा, नांदेडला रात्रीचा मुक्काम आणि पहाटे तिथून दुसऱ्या गाडीने नायगाव. बाई आता तिथल्याच एका शाळेत मुख्याध्यापिका आहेत असं फोनवर चौकशी करून कळलं होतं. पोचलो तेव्हा परिपाठ चालू होता. पोरं अंगणात रांगेत बसली होती आणि गात होती. चाल मी लगेच ओळखली. बे एके बे, पाटी हाती घे. आणि 'घे' म्हणताच सगळ्या पोरांनी मांडीवरचा उजवा हात झटक्यात उचलून कानापर्यंत नेला. बे दुणे चार, उघड शाळेचं दार. 'दार' म्हणताच परत.

मी फाटकात उभा होतो. शेवटच्या रांगेतली एक पोरगी माझ्याकडे वळून बघत होती. गाणं संपल्यावर मी तिला हळूच विचारलं की हात का वर करता गं?

"तवा तापलाय न्हवं," ती म्हणाली, एवढं कसं समजत नाही या सुरात.

मला वाटलं आल्या पावली परत जावं. ज्यांचे आईबापसुद्धा तेव्हा शाळेत असतील अशी पोरं माझी थाप हातवाऱ्यात घेऊन गात होती. त्या अंगणात मला स्वतःची जितकी शरम वाटली तितकी उभ्या जन्मात वाटली नव्हती.

पण बाईंनी मला पाहिलं होतं. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला, चालणं तेच. त्यांनी मला लगेच ओळखलं. "सर! तुम्ही इकडं कसं?" म्हणाल्या. मी म्हणालो, तुमचं कार्ड दुरुस्त करायला आलोय. त्या हसल्या, त्यांना थट्टा वाटली. मग विचारलं तर म्हणाल्या की हाव, कॉम्प्युटर हाय अजून, वर्षातून दोनदा चालू करते, दिवाळीला आणि जयंतीला. त्या पोरांचा आवाज ऐकायला. शनिवार होता, शाळा सकाळचीच. सुटेपर्यंत मी ऑफिसातल्या खुर्चीत बसलो आणि प्रत्येक तासाला कुठल्या ना कुठल्या वर्गातून तव्याचं गाणं ऐकलं.

घरी जाताना वाटेत त्यांनीच सांगितलं. कॅसेट त्यांनी दिलीच नाही. साहेबांना जाऊन सांगितलं की माझा हात बसलेला नाही. साहेब बदलून गेले, पुढच्याला त्यात रस नव्हता. मग त्यांनी वाजवणं सोडलं आणि नुसती गाणी तोंडी शिकवत राहिल्या. शिकवताना त्यांचा हात आपोआप वर जायचा, पोरांनी का म्हणून विचारलं की त्या 'तवा तापलाय' म्हणायच्या, आणि पोरांनी तो उचलला. बाई बदलून ज्या ज्या शाळेत गेल्या त्या त्या शाळेत तवा गेला. हे सगळं त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, गंमत म्हणून सांगितलं. मी हं हं करत होतो.

घर तेच, एक खोली वाढलेली. कॉम्प्युटरवर जुन्या साडीचा अभ्रा. मी कव्हर उघडलं, कार्ड काढलं, जुनी चिप चिमट्याने उपटली, नवी कोपऱ्याला कोपरा लावून दाबली. कट्. पोरांचा आवाज लावला आणि वाजवत गेलो. दहा वेळा, वीस वेळा, पन्नास वेळा. सूर प्रत्येक वेळी बोटाबरोबर सुटला. बाई मागे उभ्या राहून मोजत होत्या.

"खोट कार्डात होती, बाई," मी म्हणालो. "मला आत्ता समजलं."

"माझ्या हातात न्हवती?"

"न्हाई."

"कधीच?"

"कधीच न्हाई."

त्यांनी परत तो हात तसाच धरून पाहिला, आधी मागून, मग तळवा. डोळे भरले होते आणि चेहरा हसत होता. म्हणाल्या, लातूरहून एवढ्यासाठी आलात, तुमच्यासारखा माणूस मिळणार नाही. बसा, चहा ठेवते. आणि आत गेल्या.

मी परत त्या खोलीत एकटा होतो. तोच पंखा, तेच स्पीकर, तेच बटण. 'आत्ता समजलं' हे माझं वाक्य अजून खोलीतच होतं. त्यावर निघून गेलो असतो तर बाईंनी मला जन्मभर देवमाणूस म्हटलं असतं, आणि ते मला चालून गेलं असतं हीच त्यातली वाईट गोष्ट. मी उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्या आलं किसत होत्या. मी त्यांच्या पाठीला सांगितलं की बाई, मी आत्ता खोटं बोललो. मला तेव्हाच समजलं होतं. तुम्ही इथं आत होता आणि माझ्या हातून सूर अडकला होता. मी स्पीकर बंद केला आणि तुमच्या हाताला नावं ठेवली.

किसणीचा आवाज थांबला. बाईंनी गॅस बारीक केला.

"मधेच आवाज गेलेला मला आठवतो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं लाईट गेली. मग चहा घेऊन आले तर पंखा फिरून राहिला होता."

त्यांनी किसलेलं आलं पातेल्यात टाकलं.

"मी म्हटलं, असेल काहीतरी. तुम्ही सर होता."

माफ करा म्हणालो, ते फार बारीक आवाजात निघालं. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, केलं नाही असंही म्हटलं नाही. दोन कपांत चहा गाळला, एक माझ्या हातात दिला आणि दुसरा घेऊन पुढच्या खोलीत गेल्या. या वेळी वेलदोडा नव्हता. मी मागोमाग गेलो. त्या कीबोर्डासमोर बसल्या होत्या. पदर खोचला, चष्मा पुसला, पोरांचा आवाज सुरुवातीला नेऊन ठेवला.

"भाऊ, आवाज वाढवा जरा," म्हणाल्या. सर म्हणाल्या नाहीत.

मी कप खिडकीत ठेवला आणि ते बटण फिरवलं, या वेळी दुसऱ्या बाजूला, जाईल तितकं. अकरा पोरं खोलीभर गायला लागली. बाईंनी त्यांच्याखाली सूर धरले. पहिल्यांदा बोटं चाचपडली, मग मोकळी झाली. मी ज्या हाताला नावं ठेवली होती तो हात त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. पोरं श्वास घेतील तिथे त्या थांबत होत्या, पोरं घाई करतील तिथे त्यांना सांभाळून घेत होत्या. ओळ संपली, त्यांनी पट्टी सोडली आणि हात झटक्यात उचलून कानापर्यंत नेला. पुढच्या ओळीला परत. त्यामुळे पुढच्या ओळीचा पहिला सूर दर वेळी पाऊण मात्रा उशिरा पडत होता.

"आता एवढा उचलायची गरज न्हाई, बाई," मी म्हणालो. "आता नुसतं सोडलं तरी सुटतो."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. वाजवणं थांबवलं नाही. "पण आता न्हाई जायचं ते. हात बसलाय."

पोरं बे त्रिक सहावर आली होती. ओळ संपली आणि बाईंचा हात वर गेला.